सायकल आणि वैद्यशास्त्र

सायकल ही आज इतकी परिचयाची वस्तू झाली आहे की, एके काळी आरोग्याची वैरीण म्हणून तिच्यावर आरोप ठेवण्यात आला होता, असे सांगितल्यास आपणांस नवल वाटेल. परंतु गोष्ट खरी आहे. तो आरोप काय होता आणि तो कसा फोल ठरला, हेच आज सांगावयाचे आहे.

जर्मनीतील कार्ल फॉन ड्राइस याने १८१७ साली मानहाइम येथे दोन चाकांची लाकडी गाडी प्रथम चालविली. तिला पेडल नव्हते. पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जावे लागे. पेडल बसले ते १८६० नंतरच्या दशकात, पॅरिसमध्ये. मग पुढचे चाक उंच उंच होत गेले आणि स्वार तोंडघशी पडू लागले. अखेर १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरविणारी ‘रोव्हर’ काढली. १८८८ साली बेलफास्टचा पशुवैद्य डनलॉप याने मुलाच्या तीनचाकीकरिता हवा भरलेली रबरी धाव तयार केली, आणि सायकल सर्वांच्या आटोक्यात आली.

येथेच वादास तोंड फुटले. पाठीस पोक येईल, हृदयावर ताण पडेल, तोल सांभाळण्याच्या काळजीने चेहरा कायमचा ओढल्यासारखा होईल, असे इशारे डॉक्टर देऊ लागले. स्त्रियांविषयी तर विचारूच नये! ह्या भीतीत वैद्यक किती आणि स्त्रिया घराबाहेर पडतील ही धास्ती किती, हे ठरविणे कठीण आहे. अमेरिकेतील मद्यपाननिषेधाच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड यांनी मात्र वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकून १८९५ साली त्यावर पुस्तकच लिहिले.

असे वाद युक्तिवादाने मिटत नसतात. त्यांस मोजमाप लागते. कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग या शरीरशास्त्रज्ञाने १९१३ साली एका जागी स्थिर असणारी सायकल प्रयोगशाळेत आणली. श्रम नेमके किती झाले आणि त्यांस प्राणवायू किती लागला, हे तिच्यामुळे मोजता येऊ लागले. आरोपी स्वतःच तपासाचे साधन बनली!

पुढे १९५३ साली लंडनचे डॉक्टर जेरेमी मॉरिस यांनी दाखविले की, दिवसभर बसून बस हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिन्याने वरखाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. रोजच्या कामातील हालचालीचे महत्त्व त्यामुळे पुढे आले. सायकलीविषयीचा मोठा पुरावा २००० साली कोपनहेगनमधूनच मिळाला. सुमारे तीस हजार स्त्रीपुरुषांच्या त्या पाहणीत, सायकलीने कामावर न जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्के अधिक आढळले. आणि तेही वय, धूम्रपान, फुरसतीचा व्यायाम इत्यादी गोष्टींचा हिशेब करून. २०१७ साली ग्लासगोच्या संशोधकांनी ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासून असाच निष्कर्ष काढला. सायकल चालविणारे मुळातच निरोगी असतील, ही शंका अशा पाहण्यांतून समूळ जात नाही. तथापि सर्व पुरावा एकाच दिशेला बोट दाखवितो.

कारणही सोपे आहे. मांड्यांचे मोठे स्नायू एका लयीत चालतात, त्यामुळे हृदय व फुप्फुसे यांस व्यायाम घडतो. शरीराचा भार बैठकीवर असल्याने गुडघ्यांस धक्के बसत नाहीत. हाडांच्या बळकटीस मात्र चालण्याची जोड द्यावी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्यातून निदान १५० मिनिटांचे मध्यम श्रम सांगते. कचेरीस जातायेता पंधरा-पंधरा मिनिटे सायकल चालविली, तर पाच दिवसांत तेवढे होतात. त्यासाठी निराळा वेळ काढावा लागत नाही, हे सायकलीचे खरे वैशिष्ट्य होय.

दैवदुर्विलास असा की, वैद्यशास्त्राचा निकाल लागेपर्यंत रस्ते मोटारींच्या ताब्यात गेले. गेल्या शतकात सायकलींचे शहर म्हणून नावाजलेल्या पुण्यातही तेच घडले. परंतु हे अटळ नव्हे. कोपनहेगनमध्येही महायुद्धानंतर सायकली ओसरल्या होत्या. १९७३ च्या तेलटंचाईनंतर नागरिकांनी आग्रह धरला, तेव्हा त्यांच्यासाठी निराळ्या वाटा पुन्हा वाढू लागल्या. आपल्या मुलांनी शाळेस सायकलीने जावे असे ज्यांस वाटते, त्यांनी सायकल विकत घेऊन थांबू नये; तिच्यासाठी सुरक्षित रस्ताही नगरपालिकेकडे मागावा.