कॅडिलॅकचे इंजिन आणि नगरचे रणगाडे

हिवरे बाजार पाहून आम्ही धर्मग्रामातील काही मुलांसह नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला परतत होतो. मुलांनी रणगाडा संग्रहालयाचा हट्ट धरला. 1994 साली चिलखती दलाने उभारलेल्या या संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे डागडुजी करून, रंग देऊन मांडले आहेत. अमेरिकन चॅफी रणगाड्यापाशी मुले रेंगाळली. आम्हीही थबकलो, पण निराळ्या कारणाने.

जुन्या अमेरिकन मोटारींच्या शौकिनांना कॅडिलॅक हे नाव सांगावे लागत नाही. 1942 च्या प्रारंभी अमेरिकेत खासगी मोटारींचे उत्पादन थांबले आणि तेच कारखाने युद्धसामग्री घडवू लागले. चॅफीच्या पोटात कॅडिलॅक मोटारीच्या जातीची, आठ सिलिंडरांची दोन इंजिने बसविण्यात आली. क्रायस्लरने तर शर्मन रणगाड्याच्या एका प्रकारात मोटारीची पाच इंजिने एकत्र जोडली. याच क्रायस्लरच्या सहकार्याने वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ मोटारींची जुळणी आरंभिली. मुंबईच्या रस्त्यांवर सुखाने धावणारे यंत्र आणि रणांगणावर आग ओकणारे यंत्र ही एकाच घराण्यातील भावंडे होत!

1965 साली पंजाबातील असल उत्तर येथे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चालून आले. त्यांना अडविणाऱ्या आपल्या फौजेत ब्रिटिश सेंच्युरियनांबरोबर शर्मनही होते. दोन्ही बाजूंना अमेरिकन पोलाद, मरणारे मात्र याच उपखंडातील तरुण. 21 नोव्हेंबर 1971 रोजी, आज बांगलादेशात असलेल्या गरीबपूर येथे, नावेप्रमाणे पाण्यावर तरंगू शकणाऱ्या आपल्या रशियन पीटी-76 रणगाड्यांनी पाकिस्तानच्या चॅफींचा पराभव केला.

“फादर, हा पुन्हा चालू होईल का?” एका मुलाने विचारले. आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. जुनी मोटार माणूस दुरुस्त करतो ती पुन्हा धावावी म्हणून. रणगाडा जपावयाचा तो मात्र पुन्हा धावू नये म्हणून. त्याच्या अरुंद पोटात बसलेल्यांचीही कुणीतरी घरी वाट पाहत होते, एवढे आम्ही त्या मुलाला सांगितले.

सकाळीच मुलांनी दुरुस्तीचा आणखी एक प्रकार पाहिला होता. 1989 नंतर पोपटराव पवार आणि ग्रामस्थांनी बांधबंदिस्ती, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी करून दुष्काळी हिवरे बाजार पुन्हा उभे केले आणि गाव सोडून गेलेली कुटुंबे परतली. लोखंड जपावे ते आठवणीसाठी. माती जपावी ती जगण्यासाठी. एकाच दिवशी मुलांनी दोन्ही पाहिले, याचे आम्हांस समाधान वाटले.