दुसऱ्या दाराकडे बोट दाखवणारे गुरू : ब्रेंडा मिल्नर यांच्या ‘गाइड’चा शोध

पीएच.डी. करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या आवारात सर्वप्रथम ऐकावा लागणारा प्रश्न विषयाबद्दलचा नसतो. ‘गाइड मिळाला का?’ हाच तो प्रश्न. मेंदूविज्ञानात तो अधिकच अवघड ठरत आला आहे. कारण तेथे मार्गदर्शकाबरोबरच प्रयोगशाळा, उपकरणे, प्राणी आणि कधी कधी रुग्णही मिळवावे लागतात. आजचा धागा अशाच एका शोधाचा. स्मृती मेंदूत कोठे घडते, या कोड्याची विसाव्या शतकातील सर्वांत महत्त्वाची उकल ज्यांच्या नावावर आहे, त्या ब्रेंडा मिल्नर यांना पदवीनंतर योग्य मार्गदर्शक लाभेपर्यंत जवळपास दहा वर्षे गेली.

या कथेचे पहिले प्रकरण मात्र मिल्नर यांचे नाही. ते त्यांच्या मार्गदर्शकाचे आहे.

डोनाल्ड हेब हे कॅनडातील नोव्हा स्कोशियाचे. तरुणपणी त्यांना कादंबरीकार व्हायचे होते. पोटासाठी ते शाळेत शिकवत. माँट्रिआलमध्ये एका शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळत त्यांनी मॅकगिल विद्यापीठात मानसशास्त्राचा अर्धवेळ अभ्यास सुरू केला. १९३१ मध्ये कंबरेच्या सांध्याला क्षयाची बाधा झाली आणि ते अंथरुणाला खिळले. एम. ए.चा प्रबंध त्यांनी त्या आजारपणात लिहिला. १९३३ मध्ये, त्यांच्या २९व्या वाढदिवशी, मोटार अपघातात त्यांच्या पत्नीचे निधन झाले. वय तिशीच्या उंबरठ्यावर, संसार उद्ध्वस्त, आणि संशोधनाची दिशा अजून ठरलेली नाही.

मॅकगिलमध्ये त्या वेळी बोरिस बॅब्किन हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. रशियात त्यांनी थेट पाव्हलोव्ह यांच्याबरोबर काम केले होते. हेब त्यांच्या प्रयोगशाळेत पाव्हलोव्ह पद्धतीचे प्रयोग करत असत. पण त्या पद्धतीवरून त्यांचा विश्वास हळूहळू उडत चालला होता. अशा विद्यार्थ्याला धरून ठेवणे किंवा नाराज होऊन सोडून देणे, या दोन गोष्टी गुरूंकडून नेहमी घडतात. बॅब्किन यांनी तिसरी गोष्ट केली. त्यांनी हेब यांना शिकागोच्या कार्ल लॅश्ली यांच्याकडे जाण्याचा सल्ला दिला. लॅश्ली हे पाव्हलोव्हच्या सिद्धान्ताचे कडवे टीकाकार होते, ही बाब येथे लक्षात घ्यायला हवी. आपल्या गुरूच्या विरोधकाकडे स्वतःचा विद्यार्थी पाठवणे ही साधी उदारता नव्हे.

१९३४ मध्ये हेब शिकागोला पोहोचले. पुढच्याच वर्षी लॅश्ली हार्वर्डला गेले आणि त्यांच्यामागोमाग हेबही गेले, पीएच.डी.चा विद्यार्थी विद्यापीठाशी नव्हे, मार्गदर्शकाशी बांधलेला असतो, याचा तो जुना नमुना. पूर्ण अंधारात वाढवलेल्या उंदरांच्या दृष्टीवर हेब यांनी प्रबंध लिहिला आणि १९३६ मध्ये पदवी मिळवली. नंतर १९३७ ते १९३९ ही दोन वर्षे ते माँट्रिआल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांच्या रुग्णांची तपासणी करत होते. ही ओळख दहा वर्षांनी कोणाच्या कामी येणार आहे, हे तेव्हा त्या दोघांनाही ठाऊक नव्हते.

आता मिल्नर यांच्याकडे वळू. जन्म १९१८, मँचेस्टर. माहेरचे नाव ब्रेंडा लँगफर्ड. १९३६ मध्ये त्या गणित शिकण्यासाठी केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या, पण लवकरच मानसशास्त्राकडे वळल्या. केंब्रिजमध्ये ऑलिव्हर झँगविल यांनी त्यांना एक दृष्टी दिली : निरोगी मेंदूचे कार्य समजून घ्यायचे असेल, तर इजा झालेल्या मेंदूकडे पाहावे. १९३९ मध्ये त्यांचे शिक्षण पूर्ण झाले. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण अधिकाराची पदवी देण्यास १९४८ साल उजाडावे लागले, हे जाता जाता नोंदवलेले बरे.

पुढची पायरी स्वाभाविकपणे संशोधनाची होती. तेवढ्यात महायुद्ध आले. प्रयोगशाळा युद्धकार्याला जुंपल्या गेल्या. मिल्नर यांनी वैमानिकांच्या निवडीसाठी चाचण्यांवर काम केले, नंतर रडार संशोधनात त्यांची नेमणूक झाली. तेथेच विद्युत अभियंते पीटर मिल्नर यांच्याशी परिचय झाला. १९४४ मध्ये विवाह करून दोघे कॅनडाला निघाले. पीटर यांना माँट्रिआलमधील अणुसंशोधनाचे बोलावणे होते. ब्रेंडा यांना फ्रेंच माध्यमाच्या माँट्रिआल विद्यापीठात अध्यापनाची नोकरी मिळाली. परक्या भाषेत मानसशास्त्र शिकवायचे, तेही वर्षामागून वर्षे. नोकरी चांगली होती. संशोधन मात्र दूरच राहिले होते.

१९४७ मध्ये हेब मॅकगिलला परतले. ‘द ऑर्गनायझेशन ऑफ बिहेव्हिअर’ हा त्यांचा ग्रंथ तेव्हा हस्तलिखित अवस्थेत होता. तो १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या हस्तलिखितावर त्यांनी चर्चासत्र चालवले आणि मिल्नर त्यात जाऊन बसू लागल्या. मार्गदर्शक शोधण्याचा हा मार्ग आजच्या अर्ज-मुलाखतींच्या काळात विस्मृतीत गेला आहे. ज्याच्या हाताखाली काम करायचे, त्याचा विचार अजून पक्का होत असतानाच त्याच्या समोर बसून तो ऐकायचा, त्यावर प्रश्न विचारायचे, आणि दोघांचे जमते का, हे दोघांनीही पाहायचे. ते जमले. मिल्नर हेब यांच्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनी झाल्या.

(पीटर मिल्नर यांनीही पुढे अभियांत्रिकी सोडून हेब यांच्याकडेच मानसशास्त्राचा अभ्यास केला. जेम्स ओल्ड्स यांच्यासह १९५४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला मेंदूतील ‘सुखद’ उत्तेजनाचा प्रयोग आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. एका घरातील दोघांना एकच मार्गदर्शक!)

अडचण अशी की, मिल्नर यांना हवे होते ते हेब यांच्यापाशी नव्हते. मॅकगिलच्या मानसशास्त्र विभागात उंदीर होते, सिद्धान्त होते, रुग्ण नव्हते. रुग्ण होते पेनफील्ड यांच्याकडे. अपस्माराच्या रुग्णांवर ते स्थानिक भूल देऊन, रुग्ण जागा असताना मेंदूची शस्त्रक्रिया करत. हेब यांच्या एखाद्या विद्यार्थ्याने या रुग्णांचा अभ्यास करावा, यास पेनफील्ड तयार होते. हेब यांनी मिल्नर यांचे नाव पुढे केले. जे बॅब्किन यांनी त्यांच्यासाठी केले होते, तेच त्यांनी केले. १९५० च्या जूनमध्ये मिल्नर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाल्या.

कागदोपत्री मार्गदर्शक हेब, आणि रोजच्या कामाचे स्थळ शल्यविशारदांचे. तेथे मानसशास्त्रज्ञाला ठरलेले स्थान नव्हते. डॉक्टरांच्या गर्दीत आपली उपयुक्तता आपणच सिद्ध करावी लागे. मिल्नर शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर रुग्णांच्या चाचण्या घेत. कानशिलाच्या आतील भाग, म्हणजे टेम्पोरल लोब, काढल्याने बुद्धीच्या कोणत्या शक्तींना धक्का बसतो, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. १९५२ मध्ये डॉक्टरेट मिळाली. अध्यापनाची स्थिर नोकरी सोडून त्यांनी इन्स्टिट्यूटमध्येच काम करायचे ठरवले. व्यवहाराच्या दृष्टीने तो शहाणपणाचा निर्णय दिसत नव्हता.

पण त्याच काळात दोन रुग्ण त्यांच्यासमोर आले होते. एक, पी. बी. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा अभियंता, दुसरा एफ. सी., हातमोजे कापण्याचे काम करणारा. दोघांच्याही मेंदूची फक्त डावी बाजू शस्त्रक्रियेत गेली होती. तरीही दोघांची नवी स्मृती साठवण्याची क्षमता नाहीशी झाली. बुद्धी शाबूत, जुन्या आठवणी बऱ्याच शाबूत, पण नुकतेच घडलेले काहीच टिकत नाही. मिल्नर आणि पेनफील्ड यांनी तर्क केला : उजव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आधीपासूनच निकामी असला पाहिजे. पी. बी.च्या मृत्यूनंतर १९६४ मध्ये झालेल्या शवविच्छेदनाने तो तर्क खरा ठरवला.

१९५५ मध्ये हे निष्कर्ष अमेरिकन न्यूरॉलॉजिकल असोसिएशनपुढे मांडले गेले. त्यांचा सारांश वाचून कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्डचे शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी पेनफील्ड यांच्याशी संपर्क साधला. १९५३ मध्ये त्यांनी एका २७ वर्षांच्या अपस्मारग्रस्त तरुणाच्या मेंदूतील हा भाग दोन्ही बाजूंनी काढला होता, आणि त्या तरुणाची अवस्था तशीच झाली होती. हाच तो हेन्री मोलायसन, मेंदूविज्ञानाच्या इतिहासातील सुप्रसिद्ध ‘एच. एम.’. मिल्नर हार्टफर्डला गेल्या. स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा १९५७ चा शोधनिबंध नव्या स्मृतीसाठी हिप्पोकॅम्पस किती आवश्यक आहे, हे दाखवणारा ठरला. पुढे मिल्नर यांनी एच. एम.ला आरशात पाहून तारा रेखाटायला लावले. तीन दिवसांत त्याचा हात सफाईदार झाला. आदल्या दिवशी हे केल्याची आठवण मात्र त्याला मुळीच नव्हती. स्मृती एकच नसते, तिचे प्रकार असतात, हे इतक्या साध्या चाचणीतून उघड झाले.

या यशाची किंमत एच. एम. या माणसाने आयुष्यभर मोजली, हे विसरून हा इतिहास सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. लॅश्ली यांनी आयुष्यभर उंदरांच्या मेंदूत स्मृतीची जागा शोधली आणि ती एका ठिकाणी नसतेच, असे मत मांडले. त्यांच्या शिष्याच्या शिष्येने दाखवले की नव्या स्मृतीसाठी एक विशिष्ट जागा अपरिहार्य आहे. बॅब्किन यांनी पाव्हलोव्हच्या विरोधकाकडे विद्यार्थी धाडला होता. त्या विरोधकाच्या परंपरेलाही दोन पिढ्यांत असा धक्का बसला. मेंदूविज्ञानातील गुरुपरंपरा ही री ओढणाऱ्यांची परंपरा कधीच नव्हती.

पुढे मिल्नर स्वतः मार्गदर्शक झाल्या. त्यांची विद्यार्थिनी सुझॅन कॉर्किन हार्टफर्डचीच. १९६४ मध्ये मॅकगिलची डॉक्टरेट घेऊन कॉर्किन एमआयटीला गेल्या, आणि २००८ मध्ये मोलायसन यांच्या मृत्यूपर्यंत त्यांचा अभ्यास कॉर्किन यांनीच पुढे चालवला. गुरूने आपला सर्वांत मौल्यवान रुग्ण शिष्येच्या स्वाधीन केला होता.

२०१४ चा काव्हली पुरस्कार मिल्नर यांना मार्कस रेकल आणि जॉन ओकीफ यांच्यासह विभागून मिळाला. ओकीफ यांनी हिप्पोकॅम्पसमध्ये स्थळाची नोंद ठेवणाऱ्या पेशी शोधल्या होत्या. त्यांची डॉक्टरेट १९६७ ची, मॅकगिलचीच; मार्गदर्शक रोनाल्ड मेल्झॅक. आणि मेल्झॅक यांचे मार्गदर्शक डोनाल्ड हेब.