परीक्षणात उरलेला सिनेमा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सिनेमाचं परीक्षण आपण कशासाठी वाचतो? बहुतेक वेळा तिकिटाचे पैसे वसूल होणार की नाही, एवढंच बघायला. आमच्या अंबडसारख्या गावात मात्र परीक्षणाचा उपयोग निराळा होता. मुंबई-पुण्याला लागलेला विदेशी सिनेमा इथं येणारच नव्हता. हिंदी सिनेमासुद्धा गावोगाव फिरून, रिळं झिजवून मग तंबूत पोचायचा. तेव्हा जे वाचायला मिळायचं, तोच सिनेमा. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आमच्या घरात उर्दूची सवय टिकून होती. दिल्लीचा 'शमा' आणि मराठी 'रसरंग' एकाच फळीवर पडलेले असत. 'रसरंग'मुळे इसाक मुजावर हे नाव घराघरात गेलं. मुजावर नावाचा माणूस सिनेमावर एवढं मराठी लिहितो, याचं मला लहानपणी फार अप्रूप वाटे. अजूनही थोडं वाटतंच.

परक्यांचा सिनेमा आणि आपला सिनेमा एका नजरेनं बघायची रीत मराठीत नवी नाही. तिची सुरुवात खुद्द दादासाहेब फाळक्यांपासून झाली. १९१०-११च्या सुमारास त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा विदेशी चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि त्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहत होते, हे त्यांनी पुढं १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकात स्वतः लिहून ठेवलं. तोवर 'राजा हरिश्चंद्र' येऊन चार वर्षं झाली होती. या लेखनाला कुणी परीक्षण म्हणत नाही. मी म्हणतो. एका सिनेमानं पाहणाऱ्याचं काय केलं, हे सांगणं म्हणजे परीक्षणच की!

पुढच्या पिढीत मुंबईत दोन जबरदस्त लेखण्या चालत होत्या, दोन्ही इंग्रजीत. एक 'फिल्मइंडिया'चे बाबूराव पटेल आणि दुसरे 'बॉम्बे क्रॉनिकल'चे ख्वाजा अहमद अब्बास. पटेलांची लेखणी म्हणजे चाबूक. १९३८ मध्ये 'द ड्रम' नावाचा ब्रिटिश चित्रपट मुंबईत लागला, तेव्हा सरहद्दीवरच्या मुसलमानांचं आणि एकूणच हिंदुस्थानी माणसाचं त्यातलं चित्र पाहून लोक रस्त्यावर आले. पाठोपाठ हॉलीवूडच्या 'गंगा दीन'विरुद्धही ओरड झाली. विदेशी सिनेमा म्हणजे टोपी काढून नमस्कार करायची वस्तू नाही, हे तेव्हा दोघांनीही वाचकाला सांगितलं. अब्बास तर नुसते टीका करून थांबले नाहीत. ते स्वतः पटकथा लिहू लागले आणि १९४६ मध्ये 'धरती के लाल' काढून मोकळे झाले.

मग आलं १९५२ साल. जानेवारीत मुंबईत भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. २३ देशांचे चित्रपट आले. त्यात इटलीच्या डी सिकांचा 'बायसिकल थीव्ह्ज' होता. सायकल चोरीला गेलेला एक साधा मजूर, त्याचा मुलगा आणि रोमचे रस्ते. बिमल रॉय यांच्यावर त्याचा खोल परिणाम झाला आणि १९५३ मध्ये 'दो बिघा जमीन' आला. जमीन वाचवायला कलकत्त्यात जाऊन हातरिक्षा ओढणारा बलराज साहनींचा शंभू महतो आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तेव्हापासून आजपर्यंत या चित्रपटावर लिहिताना इटलीचं नाव घेतल्याशिवाय समीक्षकाला चैन पडत नाही.

इटलीचं ऋण खरंच आहे. पण त्याच्या २८ वर्षं आधी, १९२५ मध्ये, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' केला होता. कथा नारायण हरी आपट्यांची. सावकार खोटे कागद करतो, अडाणी शेतकऱ्याची जमीन जाते, तो शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. म्हणजे इटलीत असा सिनेमा सुरू व्हायच्या किती आधी आमचा कुणबी पडद्यावर शेत हरून शहराची वाट चालत होता! ज्यांच्या घरात सातबारा आणि सावकाराची वही या दोन्हींची भीती वाढत्या वयातच कळते, अशा आम्हा जालना जिल्ह्यातल्या माणसांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. केवळ विदेशी सिनेमा पाहणाऱ्याला 'दो बिघा जमीन' उसना वाटतो. केवळ आपलाच पाहणाऱ्याला डी सिका परका वाटतो. दोन्ही पाहणाऱ्यालाच हे एका रक्ताचे भाऊ दिसतात.

पण 'सावकारी पाश' बघायचा कुठं? १९३६ मध्ये पेंटरांनी हीच गोष्ट पुन्हा बोलपटात मांडली. मूळ मूकपटाची प्रत मात्र उरली नाही. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले, त्यातले हातावर मोजण्याइतकेच शिल्लक आहेत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं ते १९६४ मध्ये. पी. के. नायर यांनी नाशिकपासून कुठकुठं हिंडून रिळं गोळा केली, पण तोवर पुष्कळ जळून, विरघळून गेलं होतं. पहिला बोलपट 'आलम आरा'सुद्धा गेला.

मग 'सावकारी पाश' कसा होता हे कळतं कशावरून? तो पाहिलेल्यांनी लिहिलं त्यावरून. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी त्यातल्या एका प्रसंगाची आठवण नोंदवली आहे. अंधुक उजेडातली एक उदास झोपडी आणि विव्हळणारं कुत्रं. मूकपटातलं ते विव्हळणं त्यांना ऐकू आलं आणि वाचताना मलाही येतं.

१९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ निघालं, गावोगावी फिल्म सोसायट्या झाल्या. आमच्या वाट्याला दूरदर्शन आलं. रविवारी दुपारी बंगाली, मल्याळी चित्रपट लागत, खालच्या ओळी वाचता वाचता घरातली निम्मी माणसं झोपी जात. २०१६ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'सैराट' बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि नंतर आपल्याकडच्या थिएटरांत पोरं खुर्च्यांवर उभी राहून नाचली. महोत्सवाचा सिनेमा कुठं संपतो आणि गल्ल्याचा कुठं सुरू होतो, ते सांगणं तेव्हापासून अवघडच झालं.

आज अंबडच्या बसस्टँडवर उभा असलेला पोरगा मोबाईलवर 'बायसिकल थीव्ह्ज' पाहू शकतो, 'दो बिघा जमीन' पाहू शकतो, 'सैराट' तर त्याला तोंडपाठ असतो. पेंटरांचा १९२५चा शेतकरी तेवढा त्याला कुठं सापडणार नाही. तो कागदावर आहे.