ग्राफिक्स ड्रायव्हरमधील बिघाड (जुने गेमिंग संगणक)

ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज यांच्यात दुवा साधणारी आज्ञावली म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. कार्ड धडधाकट असूनही ड्रायव्हरचा पाठिंबा आधी संपतो, हे जुन्या संगणकांचे खरे दुखणे. एनव्हिडियाच्या २०१२ मधील जीटीएक्स ६८० या केप्लर पिढीतील कार्डाला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर २०२१ पर्यंतच मिळाले. पुढे फक्त सुरक्षा-दुरुस्त्या आल्या.

नेहमीचे लक्षण म्हणजे ऐन खेळात पडदा काळा होऊन परत येणे. कार्डाने साधारण २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करते; तेही फसले की निळा पडदा. मात्र साचलेली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा थकलेला पॉवर सप्लाय यांनीही हेच घडते, म्हणून आधी पेटी उघडून साफ करावी.

त्यानंतर इंटरनेट तोडून, सेफ मोडमध्ये ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ने जुने अवशेष काढावेत, कारण जोडणी चालू राहिल्यास विंडोज अपडेट स्वतःचाच ड्रायव्हर बसवते. मग उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवलेली, त्या कार्डासाठीची शेवटची आवृत्ती बसवावी. एवढे करूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘कोड ४३’ दिसत राहिला, तर कार्ड दुसऱ्या संगणकात लावून तपासावे. तिथेही तोच कोड आला, तर दोष बहुधा कार्डातच असतो.