बंदिवास, निर्वासित आणि संमतीचा प्रश्न

आरोग्य पाहणीसाठी दाराशी आलेल्या संशोधकाला अमरावतीजवळच्या वलगावातील रहिवासी नकार देऊ शकतो. काही किलोमीटरवरील अमरावती मध्यवर्ती कारागृहातील बंद्याला तो अधिकार कागदावर असला, तरी नकाराची किंमत मोजावी लागेल ही धास्ती त्याच्या मनात असते. परक्या देशात स्थानबद्ध झालेल्या निर्वासिताची स्थिती याहून बिकट असते. अनेकदा त्याच्यावर गुन्हा शाबीत झालेला नसतो आणि सुटकेची तारीखही ठाऊक नसते. ‘होकार दिला तर आश्रय मिळेल’ ही भाबडी आशाही त्याच्या सहीमागे असू शकते.

बंदिवानांवरील संशोधनाचे ठळक उदाहरण मुंबईतच आहे. १८९६ साली शहरात प्लेगची साथ आली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे दीडशे कैद्यांना ती देण्यात आली. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना लागण होऊन ६ दगावले. लस घेतलेल्यांत, टोचण्यापूर्वीच रोग जडलेले वगळता, दोघांनाच लागण झाली व ते बचावले. संशोधनाचा लाभ त्याच कैद्यांना झाला, ही त्याची जमेची बाजू. मात्र बाहेर पडण्याची वाट बंद असताना ‘स्वेच्छा’ कितपत मोकळी होती, हा प्रश्न उरतोच.

१९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने ऐच्छिक संमती अनिवार्य मानली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कैदी व निर्वासित यांचा समावेश दुर्बल गटांत आहे. केवळ अशाच गटावर संशोधन करायचे असेल, तर ते त्याच गटाच्या आरोग्याची गरज भागवणारे असावे, असे ही तत्त्वे सांगतात.

म्हणून असे संशोधन सरसकट थांबवावे काय? तसे केल्यास कोंडलेल्यांचे आजार जगापुढे येणारच नाहीत. ऑस्ट्रेलियात २०१५ च्या कायद्यानुसार स्थानबद्धता केंद्रांतील माहिती उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. डॉक्टरांच्या विरोधानंतर २०१६ मध्ये आरोग्य व्यावसायिकांना त्यातून वगळण्यात आले. मौन राखणे हीदेखील तटस्थता नव्हे, याची ही साक्ष.

तेव्हा बंदीऐवजी अटी कडक हव्यात. संशोधनाला मंजुरी देणारी समिती केंद्राच्या प्रशासनापासून स्वतंत्र असावी. संमती पहारेकऱ्यांच्या अनुपस्थितीत व मातृभाषेत घ्यावी. दुभाषा प्रशासनाचा नसावा. होकार वा नकाराचा परिणाम उपचारावर, अन्नावर किंवा आश्रयाच्या अर्जावर होऊ नये. नावे व नोंदी पोलिसांच्या हाती पडू नयेत. पाहणीत आजार आढळल्यास उपचार व्हावेत आणि निष्कर्ष प्रशासनाला अप्रिय असले तरी ते प्रसिद्ध करण्याची मुभा असावी. या अटी पाळणे जेथे अशक्य, तेथे केवळ संमतिपत्रावरील सहीच्या आधारे संशोधन नैतिक ठरत नाही.