ना. म. जोशी (१८७९–१९५५)

कामगारनेते नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. काही वर्षे शिक्षकी करून १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, तर १९२० मध्ये आयटक स्थापन करणाऱ्यांत ते होते.

१९२१ पासून सुमारे पाव शतक ते मध्यवर्ती कायदेमंडळात होते, पण निवडून आलेले नव्हे, सरकारनियुक्त! गिरणी कामगाराला मतच नव्हते, तर तो कोणाला निवडून देणार? पाठीशी बहुमत नसताना त्यांनी काम केले, हे विसरता कामा नये. मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीने युनियनच्या पुढाऱ्यांना कोर्टात खेचले, तेव्हा युनियनला कायद्याचे संरक्षण द्यावे असा ठराव जोशींनी १९२१ मध्ये मांडला. कायदा व्हायला १९२६ उजाडले. स्त्री कामगारांसाठी १९२४ मध्ये आणलेले प्रसूती-साहाय्याचे विधेयक मात्र फेटाळले गेले.

हे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानापुरते होते. आपले उज्जैन ग्वाल्हेर संस्थानात, त्यामुळे इथल्या गिरण्यांना ते आपोआप लागू नव्हते.

१९२९ च्या नागपूर अधिवेशनात कम्युनिस्टांशी मतभेद होऊन ते आयटकमधून बाहेर पडले. एकी झाल्यावर १९४० मध्ये पुन्हा सरचिटणीस झाले. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईच्या गिरणगावातील डिलाईल रोडला आता त्यांचे नाव आहे.