उघडे कार्ड आणि बंद पाकीट

१ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले. स्वस्त, पण उघडे. वाटेत कोणीही वाचावे. १९५० साली आंतर्देशीय पत्र आले आणि थोडक्या पैशांत मजकूर झाकता येऊ लागला. काय झाकायचे, हे लिहिणारा ठरवी.

आज ते ठरवायची जागा म्हणजे फोनमधली ‘सेटिंग्ज’. मोरिवलीच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार अडीनडीला कर्जाचे ॲप घेतो. ॲप फोनमधले सगळे नंबर मागते, तो ‘अलाऊ’ दाबतो. हप्ता थकला की धमक्या मेव्हण्याला आणि शेजाऱ्याला जातात, असे प्रकार राज्यात घडले आहेत. त्यांची संमती कोणी घेतली होती?

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या ॲपना संपर्कयादी पाहण्यास मनाई केली. पण बेकायदा ॲप नियम कुठले पाळणार?

म्हणून माझे सांगणे एवढेच: सेटिंग्जमध्ये ‘परमिशन्स’ उघडा आणि गरज नसलेल्या ॲपची ‘कॉन्टॅक्ट्स’ परवानगी काढून घ्या. गेलेले नंबर परत येत नाहीत, पुढचे वाचतात. पत्रात आपले गुपित असे. या यादीत दुसऱ्यांची नावे आहेत.